मुदतीआधी घर सोडणारा भाडेकरू : भाडे, नोटीस आणि डिपॉझिटचा हिशेब

प्रस्तावना

भाड्याच्या घराचा करार ठरावीक मुदतीचा असतो. पण नोकरीतली बदली, लग्न, आजारपण, शिक्षण संपणे, घरातल्या वडीलधाऱ्यांची जबाबदारी अशा कारणांनी मुदत पूर्ण होण्याआधीच घर सोडण्याची वेळ येते. अशा वेळी भाडेकरू म्हणतो, "मी राहणारच नाही, तर उरलेल्या दिवसांचे भाडे आणि डिपॉझिट परत द्या." घरमालक म्हणतो, "करार तुम्ही मोडला, मग डिपॉझिट विसरा." दोघांनाही आपलीच बाजू न्याय्य वाटते, आणि बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे अर्धेच बरोबर असते.

या वादात अडकलेली रक्कम किरकोळ नसते. भाडेकरूला नव्या गावी घर घ्यायचे असते आणि तिथले डिपॉझिट तो जुन्या डिपॉझिटमधून भरणार असतो. ते महिनाभर अडकले तर त्याला कर्ज काढावे लागते. दुसऱ्या बाजूला अनेक घरमालक मोठे जमीनदार नसतात. एका फ्लॅटच्या भाड्यावर कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा निवृत्तीनंतरचा घरखर्च चालतो. घर दोन महिने रिकामे राहिले तर त्यांचीही ओढाताण होते.

या पाठाचा अभ्यास केल्यावर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

१. भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स यांतील फरक सांगता येईल.
२. आगाऊ भाडे, नोटीस काळाचे भाडे आणि डिपॉझिट या तीन रकमा वेगळ्या करता येतील.
३. लॉक-इन कलमाचा नेमका परिणाम समजून घेता येईल.
४. घर सोडतानाचा हिशेब मांडता येईल.
५. वाद झाल्यास कोणत्या पायऱ्यांनी जायचे ते ठरवता येईल.

पहिला प्रश्न : हा करार कोणत्या प्रकारचा आहे?

भारतात राहते घर भाड्याने देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली पद्धत भाडेपट्ट्याची. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये तिची व्याख्या आहे. भाडेपट्ट्यात जागा उपभोगण्याचा हक्कच काही काळासाठी भाडेकरूकडे जातो. दुसरी पद्धत लिव्ह अँड लायसन्सची. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये लायसन्सची व्याख्या आहे. यात जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरण्याची परवानगी मिळते. मुंबई-पुण्यात घरे बहुतेक दुसऱ्या पद्धतीने दिली जातात. बोलताना आपण दोन्हींना "भाड्याने दिले" असेच म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो.

हा फरक नोटिशीच्या वेळी लक्षात येतो. भाडेपट्ट्याच्या करारात नोटिशीबद्दल काहीच लिहिले नसेल आणि स्थानिक कायदा किंवा प्रथा वेगळे सांगत नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०६ लागू होते. त्यानुसार राहत्या घराची भाडेदारी दरमहाची मानली जाते आणि ती १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन संपवता येते. हा अधिकार मालक आणि भाडेकरू दोघांनाही सारखाच आहे. १५ दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून. लायसन्सला मात्र कलम १०६ लागू होत नाही. तिथे करारातल्या अटीच पाहाव्या लागतात.

"अकरा महिन्यांचा करार" देशभर का आढळतो, हेही येथे समजून घेऊ. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, तो कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून नोंदणी न केलेल्या करारातले लॉक-इन कलम दाखवून डिपॉझिट अडवणाऱ्या मालकाची बाजू महाराष्ट्रात मुळातच कमकुवत असते.

दुसरा प्रश्न : परत मागितलेली रक्कम नेमकी कोणती?

"पैसे परत द्या" या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या रकमा मिसळलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की अर्धे भांडण मिटते.

(अ) आगाऊ भरलेले भाडे. महिन्याच्या सुरुवातीला पूर्ण महिन्याचे भाडे भरले आणि भाडेकरू २५ तारखेला गेला, तर उरलेल्या दिवसांचे भाडे परत मिळते का? करार त्या दिवशी दोघांच्या संमतीने संपला असेल, तर दिवसाच्या हिशेबाने परतावा मागणे रास्त आहे. पण करार किंवा नोटिशीचा काळ पुढेही चालू असेल, तर त्या दिवसांचे भाडे देय असतेच. घर रिकामे ठेवणे ही भाडेकरूची निवड ठरते.

(आ) नोटीस काळाचे भाडे. करारात एक महिन्याची नोटीस ठरलेली असताना भाडेकरू दहा दिवसांत गेला, तर उरलेल्या दिवसांचे भाडे मालक मागू शकतो. हे भाडे बहुधा डिपॉझिटमधून वळते केले जाते.

(इ) डिपॉझिट, म्हणजे अनामत रक्कम. हा शब्द नीट लक्षात घ्यावा. अनामत म्हणजे दुसऱ्याची ठेव. ती मालकाच्या हातात असते, मालकीची नसते. थकलेले भाडे, न भरलेली बिले आणि मोडतोड एवढ्यांसाठी ती तारण म्हणून ठेवलेली असते. ही देणी वजा झाली की उरलेली रक्कम भाडेकरूची.

लॉक-इन म्हणजे काय, आणि काय नव्हे?

अनेक करारांत "पहिले सहा महिने कोणालाही करार संपवता येणार नाही" असे कलम असते. त्याला लॉक-इन म्हणतात. पुढे कधी कधी असेही लिहिलेले असते की, "भाडेकरूने लॉक-इनमध्ये घर सोडल्यास संपूर्ण डिपॉझिट जप्त होईल." हे वाक्य वाचून मालक निश्चिंत होतो आणि भाडेकरू हताश होतो. पण तेवढ्या वाक्याने प्रश्न सुटत नाही.

करारभंगाची भरपाई भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ आणि ७४ नुसार ठरते. कलम ७४ असे सांगते की करारभंगासाठी करारात एखादी रक्कम लिहिलेली असली, तरी पीडित पक्षाला "वाजवी भरपाई" मिळते आणि ती लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे करारातला आकडा ही कमाल मर्यादा आहे. तो आपोआप मिळणारा दंड नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. तो वाद दिल्लीतल्या बंगल्याच्या विक्रीचा होता. खरेदीदाराने दिलेल्या रकमेपैकी १,००० रुपयांचा इसारा विक्रेत्याने ठेवणे न्यायालयाने मान्य केले. मात्र जप्तीचे कलम आहे म्हणून आणखी २४,००० रुपये ठेवून घेणे मान्य केले नाही, कारण तेवढे नुकसान झाल्याचे दिसत नव्हते. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालातही न्यायालयाने सांगितले की कलम ७४ खाली भरपाई मागायची तर नुकसान झालेले असले पाहिजे. नुकसान मोजणे अशक्य किंवा फार कठीण असेल तेव्हाच करारातल्या अंदाजी रकमेचा आधार घेता येतो. घर किती दिवस रिकामे राहिले हे मोजणे तर मुळीच कठीण नाही.

कलम ७३ च्या स्पष्टीकरणात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहिले जाते. म्हणून भाडेकरू गेल्यावर मालकाने नवा भाडेकरू शोधण्याचा रास्त प्रयत्न करायला हवा. याचा अर्थ येईल त्याला घर द्यावे असा नाही. पण घराला कुलूप लावून स्वस्थ बसायचे आणि सगळ्या महिन्यांचे भाडे जुन्या भाडेकरूकडून मागायचे, हे टिकणे अवघड आहे. तसेच नवा भाडेकरू राहायला आल्यानंतरच्या दिवसांचे भाडे जुन्याकडूनही घेतले, तर एकाच खोलीचे भाडे दोनदा घेतल्यासारखे होते.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. लॉक-इन कलम निरर्थक नाही. त्या भरवशावरच मालकाने भाडे ठरवलेले असते. घर खरोखर रिकामे राहिले, तर त्या काळाचे भाडे करारातल्या मर्यादेपर्यंत मागण्याचा हक्क मालकाला आहे. "मी राहत नाही, म्हणून देणार नाही" हे उत्तर पुरेसे नाही.

उदाहरण : एक हिशेब, तीन उत्तरे

समजा, एका परिचारिकेने पुण्यात फ्लॅट घेतला आहे. करार नोंदणीकृत असून १ जून ते ३० एप्रिल असा अकरा महिन्यांचा आहे. भाडे दरमहा १८,००० रुपये, डिपॉझिट ६०,००० रुपये. अट अशी : एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल, पण ३० नोव्हेंबरपूर्वी नाही. तिला नागपूरला सरकारी नोकरी लागते. १० ऑक्टोबरला ती नोटीस देते आणि २५ ऑक्टोबरला चावी देऊन जाते. ऑक्टोबरचे पूर्ण भाडे तिने आधीच भरले आहे. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत. १६ नोव्हेंबरपासून त्यांना त्याच भाड्याने नवे बिऱ्हाड मिळते.

भाडेकरूची मागणी : डिपॉझिटचे ६०,००० रुपये आणि ऑक्टोबरच्या उरलेल्या ६ दिवसांचे ३,४८४ रुपये. एकूण ६३,४८४ रुपये.

मालकाचा हिशेब : २६ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या ३६ दिवसांचे रोज ६०० रुपयांप्रमाणे २१,६०० रुपये, नोटिशीचे एक महिन्याचे १८,००० रुपये, रंगकामाचे १२,००० रुपये, न्हाणीघरातल्या फुटलेल्या आरशाचे १,२०० रुपये, विजेच्या बिलाचे १,१४० रुपये. एकूण ५३,९४० रुपये. परत फक्त ६,०६० रुपये.

आता एकेक बाब तपासू.

ऑक्टोबरचे ६ दिवस : करार ३० नोव्हेंबरपर्यंत बांधील होता, म्हणून ऑक्टोबरचे पूर्ण भाडे देय होते. ३,४८४ रुपयांची मागणी टिकत नाही. पण मालकानेही हेच ६ दिवस पुन्हा ३६ दिवसांत मोजले आहेत. ते भाडे त्यांना आधीच मिळाले आहे. ही दुहेरी वसुली काढून टाकली पाहिजे.

नोव्हेंबरचे भाडे : लॉक-इनप्रमाणे कमाल १८,००० रुपये. पण घर प्रत्यक्षात १ ते १५ नोव्हेंबर एवढेच रिकामे होते. म्हणून नुकसान ९,००० रुपये.

नोटिशीचा महिना : १० ऑक्टोबरला दिलेल्या नोटिशीचा महिना नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे लॉक-इनच्या आतच पूर्ण होतो. या करारात लॉक-इन आणि नोटीस एकाच वेळी चालू शकतात. म्हणून आणखी एक महिना लावता येत नाही. काही करारांत "लॉक-इन संपल्यानंतरच नोटीस देता येईल" असे लिहिलेले असते. तिथे हिशेब वेगळा होईल, पण नवा भाडेकरू आल्यानंतरचे नुकसान तिथेही दाखवता येणार नाही.

रंगकाम : भाडेपट्ट्याबाबत मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०८ असे सांगते की भाडेकरूने जागा मिळाली तशीच परत द्यावी, मात्र वापराने होणारी साधारण झीज सोडून. लायसन्सच्या करारांतही बहुधा हेच शब्द असतात. पाच महिन्यांत रंग थोडा फिका होणे, स्वयंपाकघराची भिंत किंचित काळवंडणे ही झीज आहे. दार फोडणे किंवा भिंतीत मोठी भोके पाडणे ही मोडतोड आहे. करारात रंगकामाची वेगळी अट नसेल, तर १२,००० रुपये कापण्यास आधार नाही.

आरसा आणि वीज : आरसा वापरात फुटला आहे आणि त्याची पावती आहे. विजेचे बिल २५ ऑक्टोबरच्या मीटर रीडिंगप्रमाणे आहे. दोन्ही कपाती रास्त आहेत.

म्हणून हिशेब असा : ६०,००० वजा ९,००० वजा १,२०० वजा १,१४०, म्हणजे ४८,६६० रुपये परत.

हाच हिशेब परिस्थितीनुसार बदलतो. नवा भाडेकरू १ नोव्हेंबरलाच आला असता, तर परत करायची रक्कम ५७,६६० रुपये झाली असती. ३० नोव्हेंबरपर्यंत रास्त प्रयत्न करूनही कोणीच आले नसते, तर ती ३९,६६० रुपये झाली असती. म्हणजे जाणाऱ्या भाडेकरूने ओळखीतला चांगला भाडेकरू सुचवला, तर त्यात त्याचाच फायदा आहे.

वाद नसलेली रक्कम आधी द्यावी

वरच्या उदाहरणात खरी अडचण वेळेची आहे. नुकसान नेमके किती ते १६ नोव्हेंबरला कळणार, पण परिचारिकेला नागपूरच्या घराचे डिपॉझिट ऑक्टोबरअखेरीस भरायचे आहे. मग तोवर सगळी रक्कम अडवून ठेवायची का?

तशी गरज नाही. चावी देण्याच्या दिवशीच मालकाला आपले जास्तीत जास्त नुकसान माहीत असते : नोव्हेंबरचे १८,०००, आरशाचे १,२०० आणि विजेचे १,१४०, म्हणजे २०,३४० रुपये. एवढी रक्कम रोखून उरलेले ३९,६६० रुपये त्याच दिवशी देता येतात. या रकमेबद्दल कोणत्याही परिस्थितीत वाद होऊ शकत नाही. पुढे १६ नोव्हेंबरला नवे बिऱ्हाड आले की उरलेले ९,००० रुपये पाठवायचे. एकूण पुन्हा तेच ४८,६६० रुपये.

या पद्धतीत मालकाचा एक रुपयाही धोक्यात जात नाही आणि भाडेकरूचे पुढचे घर अडत नाही. या पाठातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हीच : जास्तीत जास्त नुकसान मोजा, तेवढेच रोखा, बाकीचे चावीबरोबर परत करा.

चूक मालकाच्या बाजूने असेल तर?

आतापर्यंत आपण भाडेकरूच्या सोयीने घर सोडल्याचा विचार केला. पण कधी कधी घरच राहण्याजोगे उरत नाही. आग, वादळ, पूर अशा कारणांनी जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर कलम १०८ नुसार भाडेकरूला भाडेपट्टा रद्द ठरवता येतो. मालकाने करायची दुरुस्ती नोटीस देऊनही रास्त वेळेत झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. लायसन्समध्ये, भाडेकरूची चूक नसताना मालकाने मुदतीआधी बाहेर काढले, तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६४ नुसार भरपाई मागता येते. म्हणजे मुदत मोडण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंना लागू आहे.

मात्र केवळ परिस्थिती कठीण झाली म्हणून भाडे आपोआप माफ होत नाही. राजा ध्रुव देव चंद विरुद्ध राजा हरमोहिंदर सिंग (१९६८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार अशक्य झाल्याचे करार कायद्यातले कलम ५६ भाडेपट्ट्याला लागू होत नाही. करोनाच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने रामानंद विरुद्ध डॉ. गिरीश सोनी या प्रकरणात खान मार्केटमधल्या दुकानाच्या भाडेकरूंची भाडे स्थगित करण्याची मागणी याच तत्त्वावर नाकारली.

राज्यागणिक फरक

भाडे नियंत्रण कायदे राज्यांचे आहेत. त्यामुळे दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मराठी भाडेकरूने "पुण्यात असे चालते" यावर विसंबून राहू नये.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावे आणि ताबा परत घेताना देणी वजा करून ते परत द्यावे, असे सुचवले आहे. पण हा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

तामिळनाडूत २०१७ चा कायदा २०१९ पासून लागू आहे. तिथे डिपॉझिटची मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याची आहे आणि घर सोडल्यावर एका महिन्यात, देणी वजा करून, ते परत करायचे असते. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. दिल्लीचा १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना लागू होत नाही, म्हणून तिथली आजची बहुतेक प्रकरणे करार आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम यांवरच चालतात. बेंगळुरूत अनेक महिन्यांच्या भाड्याइतके मोठे डिपॉझिट घेण्याची आणि घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापण्याची प्रथा आहे. तिथे घर घेण्याआधीच रंगकामाचे कलम वाचावे.

घर सोडतानाचे टप्पे

भाडेकरूने :

१. प्रथम करारातली मुदत, लॉक-इन, नोटीस, रंगकाम आणि डिपॉझिट ही पाच कलमे वाचावीत.
२. नोटीस लेखी द्यावी. फोनवर बोलणे सौजन्याचे आहे, पण पुरावा लेखीचाच. नोटिशीत सोडण्याची तारीख स्पष्ट असावी.
३. शेवटच्या महिन्याचे भाडे "डिपॉझिटमधून कापून घ्या" असे परस्पर ठरवू नये. मालकाची लेखी संमती घ्यावी.
४. घर दाखवण्यासाठी मालकाला सोयीची वेळ द्यावी.
५. चावी देताना दोघांनी मिळून घर पाहावे, फोटो काढावेत, मीटर रीडिंग लिहावे आणि ताबा पावतीवर दोघांनी सही करावी.

घरमालकाने :

१. नोटीस मिळाल्याचे लेखी कळवावे आणि कराराप्रमाणे जास्तीत जास्त किती रक्कम रोखली जाईल ते सांगावे.
२. नव्या भाडेकरूचा शोध लगेच सुरू करावा. दलालाला पाठवलेले निरोप आणि दिलेल्या जाहिराती जपून ठेवाव्यात.
३. प्रत्येक कपातीची पावती किंवा बिल द्यावे.
४. वादाच्या भरात सामान अडवणे, कुलूप बदलणे, वीज-पाणी तोडणे असे काही करू नये. कायदा हातात घेतल्याने रास्त दावाही कमकुवत होतो.
५. करार संपल्याचे दोघांच्या सहीचे समाप्तीपत्र करावे आणि सोसायटीला कळवावे.

भाडेकरूच्या नोटिशीचा नमुना :

"मा. महोदय, आपल्या फ्लॅटबाबतच्या दि. १ जूनच्या करारानुसार मी ही एक महिन्याची नोटीस देत आहे. नागपूर येथे नोकरी लागल्यामुळे मी दि. २५ ऑक्टोबर रोजी घराचा ताबा आपल्याकडे देईन. ३० नोव्हेंबरपर्यंतच्या अटीची मला जाणीव आहे. त्याआधी नवीन भाडेकरू आल्यास त्या तारखेपासून माझ्याकडून भाडे घेऊ नये, ही विनंती. घर दाखवण्यासाठी मी रोज सायंकाळी ६ नंतर उपलब्ध आहे. ताबा देताना वाद नसलेली अनामत रक्कम परत मिळावी. आपला लेखी प्रतिसाद मिळावा."

अशा पत्रात भाडेकरूने आपली जबाबदारी नाकारलेली नाही, आणि हक्कही सोडलेला नाही. घरमालकाला "काका" म्हणण्याइतके संबंध चांगले असले, तरी पत्र लिहिण्यात संकोच करू नये. तारखा कागदावर असल्या की पुढे एकमेकांवर अविश्वास दाखवण्याची वेळ येत नाही.

वाद मिटत नसेल तर

प्रथम हिशेबासह लेखी मागणी करावी आणि उत्तरासाठी १५ दिवसांसारखी ठरावीक मुदत द्यावी. त्यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवता येते. दोन्ही बाजू तयार असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत नेता येते. तिथे तडजोडीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. तडजोड झाली नाही तर मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि इतरत्र स्थानिक कायद्याप्रमाणे दिवाणी न्यायालयात किंवा भाडे प्राधिकरणाकडे जाता येते. दिवाणी दाव्याने पैसे वसूल करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. म्हणून "नंतर बघू" म्हणत प्रकरण लांबवू नये.

सारांश

मुदतीआधी घर सोडणे हा गुन्हा नाही, पण ते फुकटही नाही. करारातली लॉक-इनची रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष भरपाई घर किती दिवस रिकामे राहिले यावर ठरते. आगाऊ भाडे, नोटिशीचे भाडे आणि डिपॉझिट या तीन रकमा वेगळ्या मांडाव्यात, एकच दिवस दोनदा मोजू नये, झीज आणि मोडतोड यांत फरक करावा. वाद नसलेली रक्कम चावीबरोबरच परत करावी.

स्वाध्याय

१. भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स यांच्या नोटिशीत काय फरक असतो?
२. वरच्या उदाहरणात मालकाने १ नोव्हेंबरपासून तो फ्लॅट आपल्या मुलाला राहायला दिला असता, तर परत करायची रक्कम किती झाली असती? कारणासह लिहा.
३. पुढील बाबी झीज की मोडतोड ते सांगा : फिका झालेला रंग, तुटलेला नळ, बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल, जळलेला ओटा.
४. आपल्या किंवा ओळखीच्या कुटुंबाचा भाडेकरार घ्या. त्यात लॉक-इन आणि नोटीस एकाच वेळी चालू शकतात का, ते कलमातले शब्द वाचून ठरवा.